आकाशदर्शनाला गर्दी वाढतेय, पण आकाश किती उरलंय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस नावाचा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा तुमच्याही फीडवर त्याचे फोटो आले असतील. त्यातले बरेचसे फोटो शास्त्रज्ञांनी नाही, तर नोकरी-कॉलेज सांभाळून दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांनी काढलेले होते.

महाराष्ट्रात हा नाद जुना आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, देशातली सगळ्यात जुनी हौशी खगोल संस्था. (नाव वाचून पत्रिका घेऊन जाऊ नका, तिथे ग्रह दाखवतात, ग्रहदशा नाही.) मुंबईचं खगोल मंडळ १९८५-८६ च्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने उभं राहिलं. गंमत म्हणजे त्या खेपेला हॅले फारच फिका दिसला. माणसं मात्र जमली, ती टिकली.

त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होऊ लागले. कारण साधं होतं. कर्जत लोकलने जाता येतं आणि मुंबईपेक्षा अंधार जास्त. अंधारात डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणी मोबाइल चमकवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून टॉर्चला लाल कागद लावायचा, हा सगळ्याच क्लबांचा पहिला नियम.

अडचण इथेच आहे. बदलापूरच्या पुढेही इमारती सरकल्या, त्यांच्यासोबत दिवे आले. म्हणजे लोकलच्या तिकिटात मिळणारा अंधार संपत चाललाय. तो हवा तर आणखी लांब जा, म्हणजे स्वतःची गाडी हवी. छंद महाग होतो आणि आधी गळतात ती कॉलेजची पोरं.

हे नुसतं रडगाणं नाही. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. आज २५० तारे दिसणाऱ्या ठिकाणी जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. हा आकडा आला ५१ हजारांहून जास्त नोंदींतून, आणि त्या केल्या जगभरच्या सामान्य लोकांनी, नुसत्या डोळ्यांनी. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडे असं मोजायचं तर माणसं या क्लबांकडेच आहेत.

उपाय अवघड नाही. रस्त्यावरच्या दिव्याला वरून झाकण लावा, उजेड खाली पडू द्या. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, तो आसपासच्या गावांतले दिवे बदलूनच. पण पेंच नागपूरला जवळ, डोंबिवलीकराला नाही.

पावसाळ्यात हे क्लब व्याख्यानांवर भागवतात. खरा हंगाम दिवाळीनंतर, अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी. जाणार असाल तर स्वेटर न्या.