तोटा कोणाचा? १८४९ चा रेल्वे करार आणि परकी भांडवल

१/ परकी गुंतवणुकीचा मोठा आकडा जाहीर झाला की समाजमाध्यमांवर दोन फौजा समोरासमोर उभ्या ठाकतात. एक म्हणते, 'विकास आला'. दुसरी म्हणते, 'ईस्ट इंडिया कंपनी परत आली'. इतिहासाचा दाखला दोघीही देतात, पण मूळ करार कोणी वाचत नाही. आजच्या थ्रेडमध्ये तो वाचू.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, हे आपल्याला पाठ असते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची तारीख आहे १७ ऑगस्ट १८४९. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांच्यात करार झाला. पुढच्या अनेक रेल्वे करारांचा साचा तेव्हाच पडला.

३/ कलमे अशी: जमीन सरकारकडून ९९ वर्षांसाठी विनामूल्य. गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी. कमाई कमी पडली तर तूट सरकार भरणार, म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर देणारी रयत भरणार. कमाई ५ टक्क्यांहून अधिक झाली, तर वरच्या नफ्यात कंपनीचाही वाटा.

४/ याला गुंतवणूक म्हणावे काय? धंद्यात उतरणारा माणूस नफ्याबरोबर तोट्याचाही धनी असतो. येथे नफ्याचा धनी लंडनचा भागधारक आणि तोट्याची धनी भारतीय रयत. ज्याच्या सहीने करार झाला, त्या सरकारला रयतेची संमती घेण्याची गरजच नव्हती.

५/ परिणाम अपेक्षितच होता. डलहौसीने मैलामागे सुमारे ८ हजार पौंड खर्च गृहीत धरला होता, प्रत्यक्षात तो सुमारे १८ हजारांवर गेला. डोंगर, नद्या, वाहतूक ही कारणे खरीच. पण जितके अधिक भांडवल ओतावे तितक्या अधिक रकमेवर ५ टक्के पक्के असतील, तर काटकसर करायची कशासाठी?

६/ हे केवळ राष्ट्रवाद्यांचे म्हणणे नव्हते. भारत सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये ब्रिटिश संसदीय समितीपुढे साक्ष दिली. तिचा आशय असा: व्याज पक्के असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की विटा-चुन्यात घातला जातो, याची इंग्रज भांडवलदाराला फिकीर नव्हती.

७/ दुसरी गाठ चलनाची. हमीची रक्कम पौंडांत द्यायची होती आणि महसूल रुपयांत येत होता. १८७० च्या दशकापासून चांदी घसरत गेली. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया शतक सरताना एक शिलिंग चार पेन्सवर येऊन ठेपला. भारताचे देणे मात्र पौंडांतच राहिले. एकोणिसावे शतक संपेपर्यंत रेल्वे एकूणात सरकारी तिजोरीला तोट्यातच होती.

८/ 'पण रेल्वेने विकास झालाच ना?' झाला, आणि ते नाकारणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. अर्थतज्ज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांच्या अभ्यासानुसार रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. 'रेल्वे म्हणजे निव्वळ लूट' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पचवला पाहिजे.

९/ आता दुसऱ्या बाजूने एक आकडा पचवावा. अजमेरच्या कारखान्याने १८९५ मध्येच इंजिन बांधून दाखवले होते. तरीही स्वातंत्र्यापर्यंत भारतात धावलेली बहुसंख्य इंजिने ब्रिटनहून आली. इंजिननिर्मितीसाठी उभारलेल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले ते १९५० मध्ये, म्हणजे ठाण्याच्या गाडीनंतर ९७ वर्षांनी! रूळ येथे पडले, पण कौशल्य आणि कारखानदारी तिकडेच राहिली.

१०/ दादाभाई नौरोजींचा मुद्दा नेमका हाच होता. त्यांचा विरोध रेल्वेला नव्हता. अमेरिकेनेही परक्या पैशावर रेल्वे बांधली, पण तेथे व्याज वगळता बाकीचा पैसा देशातच राहिला. भारतात पगारापासून पोलादापर्यंत तो बाहेर गेला, असे त्यांचे प्रतिपादन होते. परकी भांडवल आणि परकी सत्ता या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून पाहिल्या.

११/ जपानकडे पाहा. १८७० मध्ये त्याने लंडनमध्ये रेल्वेसाठी कर्ज उभारले, तेही चढ्या व्याजाने. ब्रिटिश अभियंते बोलावले. मात्र १८८० मध्ये ओसाकायामाचा बोगदा जपानी अभियंत्यांनी स्वबळावर पूर्ण केला आणि १८९३ मध्ये कोबेत इंजिन बांधले गेले. पैसा त्याच लंडनचा होता, पण शिकायचे काय हे कर्जदाराने ठरवले होते.

१२/ 'ती पारतंत्र्यातली गोष्ट झाली', असे कोणी म्हणेल. मग स्वतंत्र भारतात, गुहागर तालुक्यात या. दाभोळ वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ चा. वीज उचला अथवा न उचला, स्थिर आकार राज्य वीज मंडळाने द्यायचा. देणे डॉलरशी बांधलेले. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १८४९ ची आठवण होते की नाही?

१३/ हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारले होते. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये नव्या अटींवर परतला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. एन्रॉन स्वतः कोसळली ती मुख्यतः अमेरिकेतील हिशेबी लबाडीमुळे. पण येथे अडकलेला पैसा आपल्या सार्वजनिक बँका आणि वित्तसंस्थांचाही होता.

१४/ याच देशात १९८२ मध्ये दुसराही एक करार झाला. सुझुकीने मारुतीत २६ टक्के भाग घेतला. संरक्षित बाजारपेठ मिळाली, हे खरे. पण नफ्याची हमी नव्हती; गाडी खपली तरच कमाई. शिवाय सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनवण्याची अट होती. त्यातून देशी पुरवठादारांची फळी उभी राहिली. परकी भांडवलाला घाबरणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

१५/ म्हणून दोन्ही फौजांना सांगणे आहे. भांडवल कोठून आले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तोटा कोण सोसणार, देणे कोणत्या चलनात, आणि करार संपल्यावर येथील माणसाच्या हाती कोणते कौशल्य उरणार, हे पाहा. उत्तरे जाहिरातीत नसतात, कलमांत असतात.

१६/ पुढच्या वेळी हजारो कोटींचा आकडा दिसला, की टाळी किंवा शिवी देण्याआधी करार मागा. पारतंत्र्यातील रयतेला तो मागण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला आहे, आणि तो न वापरण्याचे खापर आपण कोणत्याही परक्यावर फोडू शकत नाही. प्रतिवादाचे स्वागत आहे. फक्त तो कलमांनिशी करावा.