आस्वादकांची मुकी जीभ

गेल्या महिन्यात कोरेगाव पार्कातल्या एका उपाहारगृहात स्पॅनिश रेड वाइन चाखण्याची संध्याकाळ होती. चार बाटल्या, चार पेले आणि प्रत्येकापुढे एक छापील तक्ता. आम्ही पाच जण होतो. त्यांतले तिघे महाविद्यालयात मराठी शिकवतात. पहिल्या घोटानंतर तिघांनीही तक्ता इंग्रजीत भरायला घेतला : ब्लॅकबेरी, प्लम, लेदर, व्हॅनिला. त्यांतल्या किती जणांनी ब्लॅकबेरी कधी खाल्ली होती, हे विचारण्याची सोय नव्हती. मी मराठीचा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पेला खाली ठेवून निर्वाळा दिला, “मराठीत याला शब्दच नाहीत.”

प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

पेल्यात रिओहा प्रांतातली तेम्प्रानियो होती. ती गिळल्यावर दातांवर आणि जिभेवर जी ओढ बसते ती टॅनिनची. कातडी कमावण्याच्या कामी येते तेच हे द्रव्य. आणि आपल्याकडे ते ज्यातून मिळते तो हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आले आहेत. म्हणजे या चवीचे एक मूळ पुणे जिल्ह्यातच आहे. तिला आयुर्वेदाने कषाय म्हणून षड्रसांत स्थान दिले. आपण तिला तुरट म्हणतो. ‘ॲस्ट्रिंजंट’ हा इंग्रजी शब्द पुस्तकी वळणाचा. तुरट मात्र आवळा आणि कच्चे केळे चाखलेल्या पोरालाही ठाऊक असतो. शिवाय तुरटसर, आंबूस, आंबटसर, आंबटढाण अशा पायऱ्या आहेत. आणि प्लमच कशाला? ज्याची जीभ जांभळाने जांभळी झाली आहे त्याला या वाइनच्या रंगाची, आंबट-गोडाची आणि तुरटपणाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

दुसरा पेला ‘क्रिआन्सा’ होता. रिओहात या नावाची रेड वाइन किमान दोन वर्षे ठेवावी लागते, त्यांतले एक वर्ष ओकच्या पिंपात; ‘ग्रान रेसेर्वा’ला पाच वर्षे. क्रिआन्सा म्हणजे संगोपन. मराठीत लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, राजकारणात माणूस मुरतो. ‘मुरलेली वाइन’ म्हणायला कोणत्या परिभाषा कोशाची परवानगी हवी होती? (‘ड्राय’साठी ‘कोरडी’ असे भाषांतर करणाऱ्यांनी मात्र क्षमा करावी. पातळ पदार्थ कोरडा नसतो; ‘बिनगोड’ म्हणावे.)

इंग्रजीचा हा शब्दसाठा तरी आभाळातून पडला आहे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या गंधांचे एक चक्र आखले. तिथल्या माणसांना ओळखीच्या असलेल्या फळा-फुलांची, मसाल्यांची नावे त्यात व्यवस्थित लावली. आपण आपली नावे लावली नाहीत, एवढेच.

का लावली नाहीत, याचे उत्तर आपल्या वाङ्मयात शोधावे लागेल. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’पासून मद्य आपल्याकडे सर्वनाशाचे साधन आहे. सुधाकर पितो, सिंधू भोगते. पेल्यातल्या पदार्थाची चव हा तिथे विषयच नाही, आणि गडकऱ्यांच्या नाटकाला त्याची गरजही नव्हती. दुसऱ्या टोकाला माधव जूलियन : १९२९ साली मूळ फार्सीवरून केलेल्या रुबाया आणि १९३१ची ‘द्राक्षकन्या’. तिथे मद्य म्हणजे क्षणभंगुरतेचे, प्रेमाचे, बंडाचे प्रतीक. पुढे १९८०च्या दशकात नारायणगावची फसफसणारी वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जाऊ लागली. आपल्या समीक्षेला त्या योगायोगाचीही दखल घ्यावीशी वाटली नाही. पाप आणि प्रतीक यांच्यामध्ये जीभ कुठेच आली नाही. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही वाद रंगला तो वाइन ही दारू की नव्हे, यावर.

यात खरे अपराधी आपण अध्यापक आहोत. रस, आस्वाद, रुची, रसिक, चर्वणा : आपल्या काव्यचर्चेचे निम्मे भांडवल स्वयंपाकघरातून उसने आणलेले. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला. ते उसने आपण कधी फेडले नाही. उलट रसग्रहणाचा दहा-बारा ओळींचा साचा करून टाकला : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. दहावीचा मुलगा कविता न चाखता त्यात ‘साध्या-सोप्या भाषेत’ आणि ‘मनाला भिडणारी’ भरतो, आणि आपण गुण देतो. त्या संध्याकाळी आमच्या मंडळींनी ब्लॅकबेरी भरली ती याच सवयीने. शब्द नाहीत हे कारण खोटे आहे. आपल्या तोंडात काय चालले आहे इकडे लक्ष देण्याची सवय नाही, आणि ज्यांना ती नाही ते वर्गात ‘आस्वादक समीक्षा’ शिकवतात.

शेवटच्या पेल्यानंतर तक्ते गोळा करायला एक मुलगी आली. माझ्या तक्त्यात ‘जांभूळ, हिरडा, मुरलेली, शेवटी किंचित कडवट’ असे होते. तिने ते वाचले आणि अदबीने म्हणाली, “सर, प्लीज इंग्लिशमध्ये लिहाल का? मॅनेजरना द्यायचंय.” ती स्वतः मराठीच होती. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्यापुढे आपले पेन सरकवले.