लक्ष्या हात जोडतो, टफी चिठ्ठी पोचवतो

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या केळवणाला गेले होते. जेवणं झाल्यावर कुणीतरी टीव्हीवर 'हम आपके हैं कौन' लावला. घरात लग्न असलं की हा सिनेमा लावायची आपल्याकडे रीतच पडली आहे. मी दुसऱ्या गाण्याला मोबाईल काढला. तेवढ्यात मावशी ओरडली, "अगं, लक्ष्या बघ लक्ष्या!" सगळे हसले. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर नुसते आले होते. अजून काही केलंच नव्हतं.

ते हसू त्या सिनेमाने कमावलेलं नव्हतं. ते 'धूमधडाका'चं होतं, 'बनवाबनवी'चं होतं. आम्ही ते घरून घेऊन बसलो होतो आणि सिनेमाने ते फुकटात वापरून घेतलं.

आता मला शिव्या पडतील, पण हा सिनेमा रोमँटिक कॉमेडी म्हणून अगदी सुमार आहे. 14 गाणी, तीन तासांहून जास्त लांबी, आणि पूजा जिन्यावरून पडेपर्यंत कुणालाही न मिळण्यासारखं काही हवंच नाहीये. घर आहे, पैसा आहे, सासरे प्रेमळ आहेत, कुत्रासुद्धा संस्कारी आहे. विनोदाला अडचण लागते हो. 'अशी ही बनवाबनवी'त चार पोरांना पुण्यात राहायला जागा हवी आहे आणि मालकीणबाई फक्त जोडप्यांना जागा देणार, एवढीच गोष्ट आहे. पुण्यात नोकरीला आल्यावर मी 'फॅमिली ओन्ली' ऐकत नऊ फ्लॅट पाहिले, त्यामुळे ती अडचण मला फार जवळची वाटते. त्या अडचणीतून पार्वती जन्माला येते. दोहाळजेवणाला नटून बसलेल्या त्या पार्वतीच्या डोळ्यांत लाज, भीती आणि 'आता मार खाणार' हे तिन्ही एकदम दिसतं. तिथे लक्ष्या विनोद करत नाही, जीव वाचवत असतो. म्हणून आपण पोट धरून हसतो.

'हम आपके हैं कौन'च्या त्या भरल्या घरात खरी कमतरता एकाच माणसाला असू शकते. तो म्हणजे नोकर, लल्लू. आणि कॅमेरा नेमका तिथे बघत नाही.

कामामुळे मला एक सवय लागली आहे. काही बिघडलं की बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून बघायची. इथे तो प्रयोग आयताच झालेला आहे. 1988च्या 'बनवाबनवी'त लक्ष्याची जोडी प्रिया अरुणबरोबर होती, परशा आणि कमळी. 1994 साली 'हम आपके हैं कौन'मध्येही तीच जोडी आहे, लल्लू आणि चमेली. तीच दोन माणसं (पुढे त्यांनी खरंच लग्न केलं), फक्त सहा वर्षांचा फरक. पहिल्या सिनेमात त्यांचं प्रेम गोष्टीत गुंतलेलं आहे. दुसऱ्यात ते हिरो-हिरॉइनच्या प्रेमाची घरगड्यांसाठी काढलेली झेरॉक्स आहे. कलाकार बदलले नाहीत, त्यांच्याकडून काय मागितलं ते बदललं.

याच सिनेमात दिलीप जोशीही आहेत, भोला प्रसाद म्हणून. 'मैंने प्यार किया'तही त्यांना नोकराचंच काम होतं. त्यांना जेठालाल मिळायला 2008 उजाडलं. ते निदान जगले-वाचले तोवर. लक्ष्या 16 डिसेंबर 2004ला गेला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

"पैसे मिळाले, देशभर ओळख मिळाली, त्याने स्वतःच निवडलं ना," असं माझा भाऊ म्हणतो. मान्य. घरभाड्यासाठी मीही दीड वर्ष एका कंपनीत सपोर्टची तिकिटं बंद करत बसले होते, त्यामुळे लक्ष्याला दोष द्यायची माझी लायकी नाही. दोष लिहिणाऱ्यांचा आहे. आदल्याच वर्षी, 1993 साली, 'झपाटलेला'त या माणसाने एका बाहुल्यासमोर उभं राहून अख्खा सिनेमा तोलला होता. असा नट हाताशी असताना त्याला घरातली कामं सांगायची? आणि नाकाने कांदे सोलायचा हक्क आपल्यालाही नाही. 1992ला जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' केला, पटकथा पु. लं.ची. लक्ष्याने त्यात हसवता हसवता मोडत जाणारा माणूस उभा केला. आपण मराठी प्रेक्षक तिकडे फारसे फिरकलोच नाही. आपल्याला 'आपला लक्ष्या' हवा होता. हिंदीवाल्यांनी त्याच मागणीतली सर्वांत स्वस्त आवृत्ती उचलली.

माझा खरा राग क्लायमॅक्सवर आहे. प्रेम-निशाचं गुपित लल्लूला माहीत आहे. निशा चुकीच्या माणसाशी, म्हणजे स्वतःच्या मेहुण्याशी, लग्नाला उभी आहे. विनोदी नटासाठी याहून मोठी संधी कुठली? त्याने एक खोटं बोलावं, एक घोळ घालावा, चुकीच्या खोलीत शिरावं, की सुटलं सगळं. 'बनवाबनवी'तल्या परशाने एवढ्यात तीन लफडी करून ठेवली असती. इथे लल्लू काय करतो? कृष्णासमोर हात जोडतो. मग निशाने प्रेमसाठी दिलेली चिठ्ठी टफी राजेशकडे नेऊन पोचवतो. घोळ घालायचं काम सिनेमाने चक्क कुत्र्याला दिलं, आणि मराठी रंगभूमीवर 'टूरटूर' गाजवून आलेल्या माणसाला प्रार्थना.

त्या दिवशी हे सगळं मी मावशीला ऐकवलं. ती म्हणाली, "पण टफी किती गोड आहे गं." गोडच आहे. नंतर रात्री अकराला मी मोबाईलवर 'विदूषक' शोधला आणि मावशीला शेजारी बसवलं. पहिली वीस मिनिटं ती लक्ष्या दिसला की सवयीने हसत होती. मग थांबली. उठली मात्र नाही.