माळ्यावरची राखण आणि बटन सेल

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी अणशीला मामाकडे होते. भात पिकायला आलं की तिथे रात्रीची राखण सुरू होते. अणशीचं जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. शेत संपलं की लगेच रान, आणि रानातून येतात गवे आणि डुकरं. मामा माळ्यावर रात्रभर जागतो, डबा बडवतो, सकाळी पुन्हा कामाला. 'पीक काय, पुढच्या वर्षी येईल. झोप कधी येणार?' असं तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

परत आले तर कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन लागलं होतं. एक कुंडी, तिच्यात सेन्सर, माती सुकली की मोबाइलवर मेसेज. दुसऱ्या दिवशी कुंडी गप्प! सेल संपला. मी साहित्याची विद्यार्थिनी, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मैत्रिणीला गाठलं.

तिने हिशोब मांडला. बटन सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर बोलताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे सतत चालू ठेवला तर ४४ तासांत खेळ खलास. आणि नुसतं ऐकत बसायलाही जवळपास तेवढीच वीज लागते! पण तोच ट्रान्समीटर झोपवून ठेवला आणि मिनिटातून एकदा काही मिलिसेकंदच उठवला, तर तोच सेल काही वर्षं पुरतो. सारी कला झोपेत आहे. कधी उठायचं आणि किती कमी बोलायचं, हे ठरवणं म्हणजेच डिझाइन.

आता हे माळ्यावर नेऊन बघा. मामाला मोबाइल टॉवर नको, इंटरनेटही नको. शेताच्या कडेपासून घरापर्यंत एकच गोष्ट पोचायला हवी: 'काहीतरी आलंय.' त्यासाठी कायद्याची आडकाठी नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त आहे. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. ओल्या पानांतून ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा या लहरी बऱ्या जातात. अँटेना लागते जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची तार.

अडचण वेगळीच आहे. अंगाची ऊब ओळखणारा स्वस्त सेन्सर कुत्र्यालाही फसतो, उन्हात हलणाऱ्या फांदीलाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे शिकलोय. चार रात्री उगाच घंटा वाजली तर पाचव्या रात्री मामा ती काढून ठेवील आणि पुन्हा माळ्यावर चढेल. गवा कुठल्या वाटेने येतो, किती वाजता येतो, सेन्सर किती उंचीवर बांधायचा, हे कुठल्याही डेटाशीटमध्ये नाही. ते मामाला माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ट्रान्समीटरने काय बोलावं हे लॅबमध्ये ठरवू नका. आधी एक रात्र माळ्यावर बसा आणि ऐका. ऐकून नेमकं तेवढंच लिहिणं हे आम्हा साहित्यवाल्यांचंही काम आहे. तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला आम्हालाही बोलवा. कुंडीला पाणी घालायची आठवण आई करून देते. मामाला मात्र एक रात्र सलग झोप हवी आहे.