खडा आणि खडी

भाचा नाताळच्या सुट्टीत ब्रिस्बेनहून आला तो बॅगेत हातोडी घेऊन. लहानशीच, एका बाजूने टोकदार, तेरा वर्षांच्या मुलाच्या मुठीत बसेल एवढी. सोबत दोन चाळण्या. आल्या दिवशीच त्याने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे फॉसिकिंग कुठे करतात?"

तो राहतो त्या क्वीन्सलँडमध्ये सफायर आणि रुबीवेल अशी चक्क नीलम-माणकांची नावं मिरवणारी गावं आहेत. तिथे लोक सरकारी परवाना काढतात, माळावर तंबू ठोकतात आणि दिवसभर माती खणून, धुऊन, चाळून नीलम शोधतात. भारी काही मिळालं तर मिळालं, नाहीतर उन्हात भाजलेली पाठ घेऊन सोमवारी कामावर. आपल्याकडे या उद्योगाला शब्दच नाही. 'खडे वेचणं' म्हणावं, तर डोळ्यांपुढे रत्नांऐवजी तांदळाचं सूप येतं. अंगठीत बसतो तोही खडा आणि दाताखाली येतो तोही खडा. मराठी भाषा या बाबतीत फार निःपक्षपाती आहे.

तर आम्ही कर्जतला गेलो. मी, ताई, भाचा आणि हातोडी. डोंबिवलीहून लोकल, पुढे रिक्षाने कोंदिवडे. तिथे उल्हास नदीच्या काठी एका काकांच्या शेतात तंबूची सोय होते. समोर राजमाचीचा डोंगर, नदीपलीकडे बोरघाटाची भिंत. डिसेंबरात उल्हास अंग चोरून वाहते, पात्र निम्मं उघडं पडतं. दगड शोधायला याहून बरी वेळ नाही.

वाटेत नेरळ स्टेशन आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "ही पाटी नीट बघून ठेव. हे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, थरावर थर. त्यातूनच हा सगळा सह्याद्री रचला गेला. या थरांचे गट पाडताना भूवैज्ञानिकांनी त्यांना इथल्याच गावांची नावं दिली. नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. ठाकूरवाडी म्हणजे कर्जत सोडल्यावर घाटात लागणारं ते एवढंसं ठाणं, जिथे चढणारा-उतरणारा प्रवासी क्वचितच दिसेल. पण लाव्हाच्या हिशेबात ते मोठं नाव.

"पण लाव्हात रत्नं कुठून येणार?" हा भाच्याचा प्रश्न. त्याचं उत्तर ताईने सकाळी डब्यात घेतलेल्या घावनांत होतं. घावन तव्यावर पडलं की वाफ बाहेर पडते आणि त्याला जाळी पडते. लाव्हाचंही तसंच. वर येणारे वायूचे बुडबुडे थर गोठताना आतच अडकले, खडकाला जाळी पडली. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांमधून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. खडकातलंच सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून पोकळ्यांमध्ये नेऊन ठेवत राहिलं. कुठे नुसती हिरवट माती साचली, कुठे अकीक, कुठे गार, कुठे झिओलाइट जातीचे स्फटिक. काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती ही भरलेली जाळी.

दुपारभर तो नदीत होता. मिळालं काय? गारगोट्या. दुधी, राखाडी, एखादी मधाच्या रंगाची आणि एक अकिकाचा तुकडा, कांद्याच्या चकतीसारखे पापुद्रे असलेला. स्फटिक एकही नाही. त्याला वाटलं आपलं नशीब फुटकं. कारण साधं होतं. गार आणि अकीक चाकूला दाद देत नाहीत, उलट चाकूचंच पातं त्यांच्यावर घासलं जातं. झिओलाइट मात्र चाकूने सहज ओरखडले जातात. पावसाळ्यातली उल्हास म्हणजे चार महिने चालणारं जातं, त्यात मऊ ते पीठ होतं आणि कठीण तेवढं उरतं. म्हणजे नदी निवडून देते, पण तिच्या आवडीचं. नाजूक बघायचं असेल तर खडक नुकताच फुटलेला हवा.

काकांनी त्याची कमाई हातात घेऊन पाहिली. "या तर गारा. आमचा बाप याच्यावर बिडी पेटवायचा," म्हणाले. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी झेलायला सावरीचा कापूस. रत्नपारख्याचं तोंड एवढंसं झालं.

त्याची भरपाई रात्री झाली. तंबूची चेन लावली, टॉर्च विझवला आणि त्याच्या हातात दोन दुधी गारगोट्या दिल्या. म्हटलं, एकमेकींवर दाबून घास. घासल्याबरोबर दगडांच्या पोटात केशरी-पिवळा उजेड फिरला. ठिणगी नव्हे, आतून आलेला मंद प्रकाश, आणि मागोमाग काहीतरी जळाल्यासारखा वास. आमच्या पिढीने हा खेळ गोधडीखाली खेळला आहे. भाच्याने मात्र पुढचा अर्धा तास कुणाला झोपू दिलं नाही.

मधूनच समोरच्या घाटातून घरघर यायची आणि खिडक्यांची एक माळ अंधारात वर सरकायची. कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं लागतात, ती तिला खंडाळ्यापर्यंत ढकलत नेतात, कारण चढ सदतिसाला एक आहे. गाडी मध्येच विझायची आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटायची. "बोगदा," भाचा म्हणाला आणि मोजू लागला.

जुन्या घाटमार्गाचे बोगदे २५. काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे पोचला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही, पुढे चालवलं. १८६१ मध्ये या एका घाटात ४० हजारांहून अधिक माणसं खपत होती. सुरुंग, कडे, ताप, पटकी. किती मेली त्याचा धड हिशेब नाही.

पण त्या सुरुंगांनी आणखी एक गोष्ट उघडली. कोट्यवधी वर्षं बंद असलेल्या पोकळ्या फुटल्या आणि आत दिसले हिरवट काचेसारखे ॲपोफिलाइट, मोत्यासारखी चमक असलेल्या स्टिल्बाइटच्या पेंढ्या. साहेबांच्या नजरेत ते भरले. तिकडच्या संग्रहालयांत ते 'पूना' अशी चिठ्ठी लावून ठेवले गेले. ज्या मजुराच्या पहारीने पोकळी उघडली त्याचं नाव त्या चिठ्ठीवर नाही, आणि कर्जतचंही नाही. घाटाखालच्या माणसाला हे नवं नाही. इथे घडलेलं पुष्कळसं पुण्याच्या किंवा मुंबईच्या नावावर जमा होतं.

सकाळी कोंढाण्याची लेणी पाहायला निघालो. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. तिथे ब्राह्मी अक्षरांत एक नाव आहे, कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. म्हणजे या डोंगरात दगड फोडून स्वतःचं नाव मागे ठेवणारा निदान एक माणूस होऊन गेला. भाच्याला लेण्यांपेक्षा वाटेवरचा एक धोंडा जास्त आवडला. गेल्या पावसात वरून आला असावा, दोन शकलं होऊन पडलेला. त्याच्या ताज्या कुशीत मुठीएवढी पोकळी होती, आणि पोकळीत शुभ्र, फिकट गुलाबी झाक असलेली पात्यांची जुडी. मध्ये आवळलेली, दोन्ही टोकांना फुललेली, अगदी भाताच्या पेंढीसारखी. स्टिल्बाइट. एवढा वेळ बडबडणारा पोरगा एकदम गप्प झाला. मग त्याचा हात हातोडीकडे गेला.

"राहू दे बाळा," वाट दाखवायला आलेले काका म्हणाले. "जंगलखात्याचा आहे तो."

हे खरंच आहे. १९२७ च्या वन कायद्यात वनोपज म्हणजे फक्त लाकूड, मध, डिंक नव्हे, त्यात खडक आणि खनिजंही येतात. राखीव जंगलातून दगड काढून नेणं हा गुन्हा. जंगलाबाहेरही जमीन तुमची असली तरी तिच्या पोटातल्या खनिजावर सहसा सरकारचाच हक्क, असं महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा सांगतो. हौसेने खडे शोधणाऱ्यासाठी क्वीन्सलँडसारखा परवाना इथल्या कायद्यात मला तरी सापडला नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या जुडीवर हातोडी चालली असती तर हाती चुरा आला असता. हे स्फटिक अंगठीत बसत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी ते ज्यांनी नेले त्यांनाही बोटात घालता आले नाहीत. त्यांचं काय करायचं, तर बघायचं. त्याने फोटो काढले, बोट लावलं, पुन्हा फोटो काढले. हातोडी पिशवीत गेली ती तोंड फुगवूनच.

परतताना ताईला महडच्या वरदविनायकाला जायचं होतं, म्हणून जीप केली. जीपवाल्याने पळसदरीचा रस्ता सोडून चौकमार्गे गाडी घातली. वाटेत वावर्ले. पनवेल-कर्जत लोकलच्या नव्या मार्गासाठी इथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला. खोपोलीच्या वर द्रुतगती मार्गाच्या नव्या तुकड्याचा बोगदा तर जवळपास नऊ किलोमीटरचा. बोरघाटाचं काम १८६३ मध्ये संपलं असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. चौकच्या अलीकडे उजव्या हाताला इर्शाळगड दिसला, त्याच्या सुळक्यातल्या नेढ्यातून आरपार आभाळ. जीपवाला आपोआप हळू झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगराची कड इर्शाळवाडीवर आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं शोधूनही सापडली नाहीत. जीपमध्ये थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

पुढे डंपर लागले, एकामागून एक, खडीने काठोकाठ भरलेले. मघापासून गप्प असलेल्या भाच्याने तेवढ्यात हिशेब मांडला. "मावशी, मला एक दगड न्यायचा नाही. मग हे एवढे?"

त्यांच्याकडे परवाना असतो, मी म्हटलं. गौण खनिजाचा. त्यावर रॉयल्टी भरतात, ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सुरुंग लागतो, कडा खाली येतो, क्षणभर एखादी पोकळी उन्हात लखलखते, आणि मग सगळंच क्रशरमध्ये जातं. कधी एखादा कामगार मोठा तुकडा बाजूला ठेवतो, व्यापारी येऊन घेऊन जातो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत असंच कॅव्हनसाइट नावाचं गडद निळं खनिज मिळालं. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरचे संग्राहक आजही मागतात ते वाघोलीचंच. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय अशा दगडांवर उभं आहे. पण हे नशीब हजारात एखाद्याचं. बाकीचे स्फटिक काळ्या दगडाच्या भावाने, ब्रासने विकले जातात आणि आपल्या स्लॅबमध्ये, कॉलममध्ये, रस्त्याखाली जाऊन बसतात.

भाचा यावर काही बोलला नाही. महडला त्याने गणपतीकडे काय मागितलं, तेही सांगितलं नाही.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, फाटकापाशी नेहमीप्रमाणे खडीचा ढीग. रोज मी त्याला वळसा घालून जाते आणि चपलेत खडा गेला की बिल्डरच्या नावाने पुटपुटते. भाचा ढिगापाशी थांबला. मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवा बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वॉचमनला वाटलं पोराचं काहीतरी हरवलं, तोही टॉर्च घेऊन आला. मग ताई वाकली. शेवटी मी.

आणि एकदा नजर बसल्यावर जिकडे तिकडे तेच. पांढरे ठिपके, हिरव्या मातीचं अस्तर, फुटक्या पोकळीची अर्धी वाटी. एका खडीच्या कपच्यावर नखाएवढ्या जागेत सुयांचा पंखा उघडला होता, पांढराशुभ्र, एकही सुई न मोडलेला. डोंगर फोडणारा सुरुंग, क्रशरचा जबडा, डंपर, फावडं, एवढ्या सगळ्यातून तो तसाच आला होता.

"नेऊ का?" त्याने वॉचमनला विचारलं.

"ने की. काय करतोस पण?"

या सगळ्या भटकंतीत कायद्याने आमचा म्हणता येईल असा हा एकच खडा. त्याची रॉयल्टी कधीच भरून झाली होती.

रात्री त्याने तो जुन्या टूथब्रशने कडेकडेने धुतला, कापसात गुंडाळला, काडेपेटीत ठेवला. ताईला तिकडच्या विमानतळाची काळजी. माती चिकटलेलं काही नेलं तर ते लोक फार चौकशी करतात. "विचारलं तर काय सांगशील रे? रत्न आहे म्हणून?"

"खडी," तो म्हणाला. "एक नग."