तुला, मूषा आणि ब्युरेट : विश्लेषणाची परिभाषा वैद्याला का यावी?

आयुर्वेद महाविद्यालयांत द्रव्यगुण आणि रसशास्त्र-भैषज्यकल्पना हे विषय दुसऱ्या व्यावसायिक वर्षात शिकविले जातात. या विषयांच्या प्रात्यक्षिक वहीत ‘शुष्कनजन्य घट’, ‘एकूण राख’, ‘अम्ल-अविद्राव्य राख’, ‘जलविद्राव्य सत्त्व’ असे मथळे असतात, त्यांपुढे आकडे असतात आणि खाली अध्यापकांची सही असते. मात्र तो आकडा कशाचा, तो वाढला तर द्रव्यात काय दोष मानावा, आणि ज्या साधनाने तो मिळाला त्याची मर्यादा कोणती, हे विचारले असता बहुतेक विद्यार्थी निरुत्तर होतात. वैश्लेषिक रसायनाची प्राथमिक परिभाषा व उपकरणे यांचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात उपचारापुरते उरले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. याची किंमत पुढे वैद्याला आणि रुग्णालाही मोजावी लागते.

या मागणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांनी द्रव्य जाणणाऱ्या शास्त्राला काचेच्या नळ्यांची गरज काय, असे काही ज्येष्ठ वैद्य विचारतात. आक्षेपामागील भावना आदरणीय आहे. तथापि आपल्याच रसग्रंथांचा पुरावा तिच्या विरुद्ध जातो. रसरत्नसमुच्चयात रसशाळेच्या रचनेचे वर्णन आहे, तसेच यंत्रे, मूषा, कोष्ठी व पुटे यांचा तपशीलवार विचार आहे. दोलायंत्र, डमरूयंत्र व वालुकायंत्र यांची नावे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला उपकरणांचे वावडे असण्याचे कारण नाही.

भस्मपरीक्षा पाहा. वारितर, रेखापूर्ण व निश्चंद्र या परीक्षा डोळ्यांनी आणि बोटांनी होतात. निरुत्थ परीक्षेची गोष्ट वेगळी. ज्ञात वजनाच्या चांदीबरोबर भस्म तापवावयाचे आणि नंतर चांदीचे वजन वाढले की नाही ते पाहावयाचे. वजन वाढले तर भस्मात मुक्त धातू शिल्लक आहे. ही परीक्षा सर्वस्वी तुलेवर उभी आहे. ज्या तराजूचा लघुतम आकडा १० मिलिग्रॅम आहे, त्याला ५ मिलिग्रॅमची वाढ दिसणारच नाही आणि सदोष भस्मालाही आपण ‘निरुत्थ’ म्हणून मोकळे होऊ. एक रत्ती म्हणजे १२५ मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅमच्या तराजूवर एका रत्तीच्या वजनात ८ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, ०.१ मिलिग्रॅम दाखविणाऱ्या वैश्लेषिक तुलेवर तोच फरक ०.०८ टक्के राहतो. तुलेची क्षमता जाणल्यावाचून ग्रंथोक्त परीक्षाही ग्रंथोक्त राहत नाही.

म्हणून आरंभ शब्दांपासून व्हावा. ‘काय आहे’ हे सांगणारे ते गुणात्मक विश्लेषण आणि ‘किती आहे’ हे सांगणारे ते मात्रात्मक विश्लेषण. मापन खऱ्या मूल्याच्या जवळ असणे ही अचूकता आणि पुनःपुन्हा केलेली मापने परस्परांच्या जवळ असणे ही सुसंगती. शून्यदोष असलेली तुला पाच वेळा तेच चुकीचे वजन देते. तिच्यात सुसंगती आहे, अचूकता नाही. वैद्यमंडळी ‘प्रत्येक वेळी तेच उत्तर आले’ याला सत्याचा पुरावा मानतात तेव्हा नेमका हाच भेद निसटतो.

‘शोधसीमा’ हा त्याहून महत्त्वाचा शब्द होय. प्रमाणपत्रावर ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. या पद्धतीने दिसू शकणाऱ्या किमान मात्रेहून कमी आहे, एवढाच होतो. ती किमान मात्रा दिलेली नसेल तर त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. तसेच ‘दशलक्षांश भाग’ किंवा पीपीएम. शिशासाठी असलेली १० पीपीएम ही मर्यादा म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. याच मर्यादेवरील चूर्ण रुग्णाने दिवसाला ५ ग्रॅम घेतले तर ५० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. २५० मिलिग्रॅमच्या एका वटीतून अडीच मायक्रोग्रॅम जाते. मात्रेचा हा हिशेब वैद्यानेच करावयाचा आहे.

उपकरणांचेही तसेच. ब्युरेट, पिपेट, शंकुपात्र, चंचुपात्र, मोजनळी ही काचपात्रे विद्यार्थ्याने बारावीपर्यंत पाहिलेली असतात, पण चंचुपात्रावरील रेघा अंदाजापुरत्या असून नेमक्या आकारमानासाठी पिपेटच हवी, हे त्याला वेगळे सांगावे लागते. रंगहीन द्रावणाची वक्र पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून तिच्या तळाशी वाचावी. पिपेट तोंडाने न ओढता रबरी फुग्याने भरावी. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये. हे नियम पहिल्याच दिवशी हाताला लागले पाहिजेत.

राखेची परीक्षा घ्या. औषधसंहितेच्या पद्धतीप्रमाणे २ ते ३ ग्रॅम चूर्ण सिलिकाच्या पात्रात ४५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नाही अशा तापमानाला कार्बनरहित होईतो जाळतात. पात्र शुष्ककात थंड करूनच तोलतात. तप्त पात्राभोवती हवेचे प्रवाह उठून वजन कमी भासते आणि उघड्यावर ठेवल्यास राख ओलावा शोषते. ही राख २५ मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिनिटे उकळून उरते ती अम्ल-अविद्राव्य राख. ती मुख्यतः वाळू व माती. मुळे नीट न धुता कुटली, किंवा वजनासाठी माती मिसळली, तर हा आकडा बोलतो. प्रज्वलनभट्टी ही आपल्या मूषा-कोष्ठीचीच आजची बहीण आहे, हे विद्यार्थ्याला दाखवून दिले तर परकेपणा आपोआप गळून पडेल.

तैल-घृतांसाठी अनुमापन शिकवावे. एक ग्रॅम स्नेहातील मुक्त आम्लांच्या उदासिनीकरणास लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये, म्हणजे आम्लमूल्य. जुन्या, बिघडू लागलेल्या तेलात हा आकडा चढतो. एक ब्युरेट, प्रमाण द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीन एवढ्यावर हे समजते, त्याला लाखोंचे यंत्र लागत नाही.

२००४ साली अमेरिकेतील वैद्यक नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. त्या वेळी आपल्या व्यासपीठांवर संताप पुष्कळ व्यक्त झाला. एकूण पारा मोजणारी पद्धत रससिंदुरातील पारद-गंधक संयुग आणि मुक्त पारा यांत भेद करीत नाही, हा मुद्दा शास्त्रीय भाषेत मांडणारे मात्र थोडे होते. त्याचबरोबर, संयुग आहे म्हणून ते आपोआप निर्दोष ठरते असेही नाही, हे प्रांजळपणे सांगणारे त्याहून थोडे. दोन्ही गोष्टी बोलण्यासाठी परिभाषा लागते. ती नसली की समर्थन आणि निंदा ही दोन्ही टोके सारखीच पोकळ होतात.

आपल्या संघटनेने तीन गोष्टींचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे. पहिली, प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताने राख, आर्द्रता, सत्त्व व आम्लमूल्य यांची किमान एकेक परीक्षा पूर्ण व्हावी. तयार आकडे उतरवून घेणे बंद व्हावे. दुसरी, मौखिक परीक्षेत एखादे खरे चाचणी-प्रमाणपत्र समोर ठेवून त्याचे वाचन करून घ्यावे. तिसरी, मराठी संज्ञा आणि प्रयोगशाळेत रूढ असलेले शब्द यांची एक छोटी सूची अध्यापकांनी मिळून करावी, म्हणजे ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी शब्दापाशी अडून अर्थाला मुकणार नाही.

विश्लेषणाने प्रभाव मोजता येत नाही, हे मान्यच आहे. ब्युरेट अश्वगंधेचे बल्यत्व सांगणार नाही. पण पुडीत अश्वगंधेबरोबर माती किती आहे, हे कळण्यास ती राखेची परीक्षा पुरेशी आहे. रुग्ण वैद्यावर विश्वास ठेवून पुडी घेतो आणि तिच्यात काय आहे हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ते पाहणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्याची तयारी पदवीच्या वर्गातच झाली पाहिजे.