उत्साह कशाचा बाळगायचा?



गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. हायड्रोजन तयार करू पाहणाऱ्या एका नव्या कंपनीने मोठा करार केला अशी ती बातमी होती आणि सोबत हिरव्यागार पानावरच्या दवबिंदूचे चित्र. मुलाच्या मामांनी उसाच्या बिलाचे पैसे त्या कंपनीच्या शेअरांत घातले होते. मुलाने विचारले, "सर, हायड्रोजन हे उद्याचे इंधन आहे ना? मग मामांचे पैसे दुप्पट होतील ना?"

या प्रश्नात दोन वाक्ये आहेत आणि त्यांना जोडणारा 'मग' हा छोटासा शब्द आहे. पहिले वाक्य पदार्थविज्ञानाचे आहे. त्याविषयी मी काही सांगू शकतो. दुसरे बाजाराचे आहे आणि त्यात माझी गती शून्य. पण तो 'मग' मात्र मला स्वस्थ बसू देईना. सौरऊर्जा आणि हायड्रोजन यांच्या नव्या कंपन्यांविषयी आज जो उत्साह दिसतो, तो बहुतेक या 'मग'वर उभा आहे.

प्रथम सूर्याचे पाहू. प्रकाशापासून वीज मिळते हे फ्रान्समधील एडमंड बेकेरेल याने १८३९ साली दाखवले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट तयार व्हायला १९५४ साल उजाडले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी तो केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातील शंभर भागांपैकी जेमतेम सहा भागांची वीज होत असे. तो इतका महाग होता की परवडला तो फक्त अवकाशात. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर असे घट बसवले होते. १९७७ च्या सुमारास एका वॅटच्या सौरघटाला सुमारे ७६ डॉलर पडत. आज संपूर्ण पट्टीला वॅटमागे पाव डॉलरही पडत नाही. आपल्या देशात केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१०-११ सालासाठी सौरविजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा लोक तो पाहायला मुद्दाम जात. आता गावोगावच्या छपरांवर पट्ट्या दिसतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. देशातील एकूण सौर क्षमतेने जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

म्हणजे सौरऊर्जेविषयी ज्यांनी उत्साह बाळगला ते बरोबर ठरले. मग त्या कंपन्यांचे काय झाले?

जर्मनीतील क्यू-सेल्स ही कंपनी १९९९ साली निघाली आणि २००७ साली सौरघट बनवणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी झाली. एप्रिल २०१२ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले आणि ती एका कोरियन उद्योगाने विकत घेतली. चीनमधील सनटेक ही कंपनी शी झेंगरोंग यांनी काढली. ते ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे विद्येत काही कमी नव्हते. तीही काही काळ जगात पहिली होती. मार्च २०१३ मध्ये तिची मुख्य शाखा दिवाळखोरीत गेली.

सर्वांत बोधप्रद गोष्ट कॅलिफोर्नियातील सोलिंड्राची. २००८ साली शुद्ध सिलिकॉनचा भाव बाजारात किलोला चारशे डॉलरच्या पुढे गेला होता. सोलिंड्राच्या लोकांनी विचार केला, सिलिकॉनच टाळू या. त्यांनी तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या पातळ थराचे, काचेच्या नळीसारखे गोल सौरघट बनवले. नळीवर वरून, बाजूने आणि छपरावरून परतून खालूनही प्रकाश पडतो. कल्पना खरोखर सुंदर होती. मी वर्गात ती फळ्यावर काढून दाखवतो. अमेरिकन सरकारने २००९ साली कंपनीच्या ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. पण तोवर सिलिकॉन शुद्ध करणारे नवे कारखाने जगभर सुरू झाले. २०११ संपताना सिलिकॉनचा भाव तीस-पस्तीस डॉलर झाला होता. ज्या महागाईवर उपाय म्हणून नळी जन्मली, ती महागाईच उरली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

नीट पाहा, सौरघट स्वस्त झाला म्हणून सौरऊर्जा जिंकली आणि त्याच कारणाने तो बनवणारे बुडाले. सगळेच बनवू लागले की वस्तूचा भाव उतरतो. ग्राहकाचे कल्याण होते, पण कारखानदाराच्या हाती नफा राहत नाही. तंत्रज्ञानाचे यश आणि कंपनीचे यश ही दोन निराळी गणिते आहेत. कधी कधी तर त्यांची चिन्हे उलट असतात.

आता हायड्रोजन. येथे पदार्थविज्ञानच अधिक सावध करते.

कोळसा खाणीत सापडतो, ऊन आकाशातून येते. हायड्रोजन मात्र आपल्याला बहुधा बनवावा लागतो. तो पाण्यात ऑक्सिजनशी घट्ट बांधलेला असतो. तो सोडवायला ऊर्जा खर्च करावी लागते आणि पुन्हा ऑक्सिजनशी जोडताना त्यातली काही परत मिळते. म्हणून हायड्रोजनला ऊर्जेची खाण म्हणू नका, हमाल म्हणा. हमालाला मजुरी द्यावी लागते. किती, ते मोजू.

एक किलो हायड्रोजन जाळला तर सुमारे ३३ युनिट ऊर्जा मिळते. पण पाण्याचे विद्युत अपघटन करून तो मिळवायला चांगल्या यंत्रालाही ५२ युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे सौरपट्टीची १०० युनिट वीज दिली की हायड्रोजनच्या रूपाने ६३-६४ युनिट हाती येतात. हा वायू फार हलका. गाडीत मावेल असा करायचा तर वातावरणाच्या शेकडो पट दाबाने दाबावा लागतो. त्यात आणखी पाच-सहा युनिट जातात. मग गाडीतील इंधनघट त्याची पुन्हा वीज करतो, पण साधारण निम्मीच. शेवटी चाकाकडे जायला तीसच्या आसपास युनिट उरतात. तीच १०० युनिट वीज सरळ बॅटरीत भरली असती तर ऐंशीच्या आसपास परत मिळाली असती. ही तूट काही एखाद्या इंजिनिअरच्या आळसामुळे होत नाही. तिचा मोठा भाग ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतरात द्यावाच लागतो.

म्हणून रोजच्या छोट्या मोटारीसाठी हायड्रोजन हा मला उधळपट्टीचा मार्ग वाटतो. माझे काही सहकारी हे मान्य करत नाहीत. लांब पल्ल्याच्या वाहनांचा मुद्दा ते काढतात आणि त्यात तथ्य आहे. पण जेथे हायड्रोजन इंधन म्हणून नव्हे तर कच्चा माल म्हणून हवाच आहे, तेथे माझा उत्साह कोणापेक्षा कमी नाही. युरिया हवा तर अमोनिया हवा आणि अमोनिया हवा तर हायड्रोजन हवा. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. लोखंडाच्या धातुकातील ऑक्सिजन काढायला आपण कोळसा वापरतो. ते काम हायड्रोजनने केले तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनमध्ये असे पोलाद २०२१ मध्ये तयार करून ग्राहकाला दिले गेले.

आणि हे आपल्याला अगदी नवे आहे असेही समजू नका. पंजाबात सतलजच्या काठी नांगल येथे १९६१ च्या सुमारास खताचा कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे अपघटन करून तेथे हायड्रोजन मिळवत आणि त्याचे खत करत. आज ज्याला 'हरित हायड्रोजन' म्हणतात, तोच तो. पुढे तो कारखाना इंधन तेलाकडे आणि नंतर नैसर्गिक वायूकडे वळला. नव्या कंपन्यांच्या जाहिरातींत नांगलचे नाव मी कधी वाचले नाही, याचे मला जरा वाईट वाटते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे उद्दिष्ट धरले. आपण वर काढलेल्या आकड्याने स्वतः गुणाकार करा. ५० लाख टनांना २६,००० कोटी युनिट वीज लागेल. त्यासाठी सव्वा लाख मेगावॅट नवी क्षमता उभारावी लागेल, असे ही मोहीमच सांगते. म्हणजे जानेवारी २०२५ पर्यंत देशाने जेवढी सौर क्षमता उभी केली, तिच्याहून जास्त, आणि ती केवळ हायड्रोजनसाठी. ऐकून निराश होऊ नका. किती काम पडले आहे ते पाहा. तुमच्यातल्या कितीतरी जणांना ते करावे लागेल.

आता एक गंमत सांगतो, जरी ज्यांचे पैसे गेले त्यांना ती गंमत वाटली नसेल. अमेरिकेत निकोला नावाची कंपनी हायड्रोजनवर चालणारे ट्रक बनवणार होती. जानेवारी २०१८ मध्ये तिने एक चित्रफीत दाखवली. सरळ रस्त्यावरून एक देखणा ट्रक वेगाने धावतो आहे. जून २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तोवर एकही ट्रक विकलेला नसताना काही दिवस तिची बाजारातील किंमत फोर्ड कंपनीपेक्षा जास्त झाली! सप्टेंबर २०२० मध्ये एका अहवालाने उघड केले की तो ट्रक उतारावरून घरंगळत होता. आमचा ट्रक स्वतःच्या शक्तीने चालतो आहे असे आम्ही त्या चित्रफितीत म्हटलेच नव्हते, असा खुलासा कंपनीने केला.

हे होऊ शकते का? दहावीच्या गणिताने पाहा. शंभर मीटरला तीन मीटर असा उतार धरा. तो डोळ्यांना फारसा जाणवतही नाही, आणि कॅमेरा थोडा तिरका धरला तर मुळीच नाही. उतारामुळे मिळणारे त्वरण म्हणजे ९.८ गुणिले ०.०३, सुमारे ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यातला एक तृतीयांश घर्षणात गेला असे समजा, उरले ०.२. शंभर सेकंदांनंतर वेग होतो २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अंतर कापले एक किलोमीटर. इंजिन नाही, हायड्रोजन नाही. केवळ ३० मीटर उंचीची स्थितिज ऊर्जा. ही चित्रफीत मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी पाहिली आणि त्यांना रस्त्याचा उतार विचारावासा वाटला नाही.

पुढे कंपनीने खरोखरच हायड्रोजनचे ट्रक बनवले, थोडे विकलेही. तिच्या संस्थापकाला ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयात फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले; मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला माफी दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

यावरून नव्या कंपन्या म्हणजे लबाडी, असे मी म्हणत नाही. क्यू-सेल्स किंवा सोलिंड्रा यांनी काही उतारावरचे ट्रक दाखवले नव्हते. कोणीतरी पैसा आणि धाडस घातल्याशिवाय प्रयोगशाळेतला सौरघट तुमच्या छपरावर आला नसता. बुडालेल्या कारखान्यांत तयार झालेले तंत्रज्ञ आणि यंत्रे दुसरीकडे कामाला लागली. माझे म्हणणे इतकेच की बातमी वाचताना एककाकडे बघा. '१०० मेगावॅट' ही शक्ती झाली. वर्षात किती युनिट मिळतील ते विचारा, कारण रात्री आणि ढगांत ते मेगावॅट झोपलेले असतात. 'करार झाला' म्हणजे वस्तू तयार झाली असे नव्हे. आणि हायड्रोजन असेल तर किलोला किती युनिट लागतात आणि ती कोठून येतात, हे दोन आकडे शोधा.

त्या मुलाला मी यातले निम्मेच सांगितले. मग त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. भांड्यात दीडशे मिलिलिटर पाणी, त्यात थोडा धुण्याचा सोडा (मीठ नव्हे, मिठाने विषारी क्लोरीन निघतो), दोन पेन्सिलींची शिसे आणि नऊ व्होल्टचा विद्युतपुरवठा. त्याने प्रवाह ०.१ अँपिअरवर ठेवला आणि अर्धा तास वायू उलट्या नळीत गोळा केला. जवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी, हे लक्षात ठेवा. आणि शिक्षकांना सोबत घेतल्याशिवाय करू नका. नळीत २३ मिलिलिटर हायड्रोजन जमला. त्याने वहीत लिहिले: दिलेली ऊर्जा १६२० ज्यूल, हायड्रोजनमध्ये आलेली सुमारे २२५ ज्यूल. जेमतेम सातवा हिस्सा. बाकीची गेली कोठे, असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला तापमापी भांड्यात घालायला सांगितले. पाणी जवळजवळ दोन अंशांनी तापले होते.

आठवड्याने तो परत आला. मामांना आकडा दाखवला का, असे मी विचारले.

"दाखवला सर," तो म्हणाला. "त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, आपल्या कंपनीचा आकडा किती आहे रे? आता आम्ही दोघे तिच्या अहवालात तो शोधतोय."